हाताने बनवलेल्या शुभेच्छा कार्डावर लाल आणि हिरवी शाई मिसळली की मळकट तपकिरी का होते?

लाल आणि हिरवा हे रंगचक्रावर समोरासमोरचे रंग. शेजारी ठेवले तर दोन्ही उठून दिसतात, पण ओली शाई एकमेकांत गेली की लाल, पिवळा, निळा असे तिन्ही मूळ रंग एकत्र येतात (हिरवा म्हणजे पिवळा आणि निळा) आणि चिखल होतो. शाई महागातली घेतलीत तरी हे होणारच.

मध्ये साधारण 2 सेंमी पिवळ्याची पट्टी ठेवा. लालाकडे नारिंगी होईल, हिरव्याकडे पोपटी, दोन्ही स्वच्छ. आधी पिवळा लावा, गडद रंग शेवटी. प्रत्येक रंगाला वेगळा ब्रश हवाच. हिरव्याचा ब्रश लाल शाईच्या पॅडवर टेकवलात तर पॅडही खराब होतं.

पिवळा नकोच असेल तर शाई सोडा आणि रंगीत कागदांचे थर लावा. मात्र लाल कागदावर हिरवी अक्षरं चिकटवण्याआधी मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर अक्षरं डोळ्यांपुढे थरथरतात, वाचवत नाहीत. अशा वेळी हिरवा बराच फिका घ्या, किंवा अक्षरांभोवती 2 मिमी पांढरी किनार सोडून कापा. मला किनार जास्त आवडते, कापायला कंटाळवाणी असली तरी.