दोन हिरे, एकच दर्जा, भाव वेगळा

प्रश्न: मुलीच्या लग्नासाठी अंगठी घ्यायची आहे. पणजीतल्या दोन दुकानांत अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा पाहिला. दोन्हींचा रंग 'जी', शुद्धता 'व्हीएस-२', दोन्हींना प्रमाणपत्र. तरी किमतीत मोठी तफावत. कुणावर विश्वास ठेवावा? – एक वाचक, मडगाव

उत्तर: दोन्ही दुकानदार खरं सांगत असतील. (रंगाचे दर्जे पूर्ण रंगहीन 'डी'पासून 'झेड'पर्यंत उतरत जातात. 'जी' म्हणजे जवळपास रंगहीन.) प्रथम प्रमाणपत्रावर 'नैसर्गिक' आहे की 'लॅब-ग्रोन' (प्रयोगशाळेत बनवलेला), ते पाहा. लॅबमधला हिराही हिराच असतो, त्यामुळे डोळ्यांना किंवा दुकानातल्या साध्या टेस्टरला फरक कळत नाही. पण तो कितीतरी स्वस्त मिळतो आणि पुढे विकताना पैसेही कमी येतात.

दोन्ही नैसर्गिक असतील, तर कट, म्हणजे पैलूंची घडण, बघा. लोक रंग आणि शुद्धतेत अडकतात, पण चमक मुख्यतः कटमुळे येते. जीआयए ही हिरे तपासणारी संस्था २००६ पासून गोल हिऱ्याच्या कटला 'एक्सलंट' ते 'पुअर' असे पाच दर्जे देते. अर्ध्या कॅरेटचा नीट घडवलेला गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर व्यासाचा असतो. प्रमाणपत्रावर ४.८ दिसला, तर वजन हिऱ्याच्या पोटात गेलं आहे: पैसे अर्ध्या कॅरेटचे, दिसणार त्याहून लहान. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली वाईट कटही लखलखतो. हिरा दाराशी आणून सावलीतल्या उजेडात पाहा. मधोमध काळपट किंवा निस्तेज दिसला, तर सोडून द्या.

शुद्धता, म्हणजे हिऱ्यात दोष किती कमी, ती दहापट भिंगातून ठरते. 'व्हीएस-२'मधले दोष भिंगातूनही सहज सापडत नाहीत, 'एसआय'मधले भिंगातून लगेच दिसतात आणि 'आय'मधले बहुधा नुसत्या डोळ्यांना. पण दोष कुठे आहे, हेही महत्त्वाचं. मधल्या सपाट पैलूखालचा काळा ठिपका खटकतो, कडेचा कोंदणाच्या नखाखाली झाकता येतो. मात्र कडेपर्यंत गेलेली चीर असेल, तर नख दाबताना हिरा तिथे फुटू शकतो. तो घेऊ नका. 'एसआय-२' हिऱ्याच्या शेऱ्यात 'क्लाउड'मुळे (बारीक ठिपक्यांच्या ढगासारख्या पुंजक्यामुळे) हा दर्जा दिल्याचं लिहिलं असेल, तर हिरा दुधाळ दिसतो का, हे डोळ्यांनी तपासूनच ठरवा.

'फ्लुरोसन्स'ची, म्हणजे अतिनील किरणांत हिरा किती चमकतो याची, ओळही वाचा. 'स्ट्राँग' असेल, तर भाव उतरतो, आणि असे काही हिरे आपल्याकडच्या कडक उन्हात धुरकट दिसतात. शेवटचं म्हणजे प्रमाणपत्र कुणाचं. प्रमाणपत्र देणाऱ्या सगळ्या लॅब सारख्या काटेकोर नसतात. एकीचा 'जी' दुसरीकडे 'एच' ठरू शकतो. म्हणून तुलना एकाच लॅबच्या दोन हिऱ्यांची करा, आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक कागदाशी भिंगातून जुळवून घ्या. पिवळ्या सोन्यात 'डी' रंगासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. 'एच', 'आय' रंगाचे हिरेसुद्धा छान पांढरे दिसतात.

प्रश्न: आजीच्या हिऱ्याच्या कुड्या आहेत, प्रत्येकी सात खडे, कोंदण मागून बंद. सोनार म्हणतात, हिऱ्यांचं पाणी (रंग-तेज) पिवळट आहे, वजन एक कॅरेट, मोडून नव्या करा. या हिऱ्यांना दर्जा मिळेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: बसवलेल्या खड्याचा नेमका दर्जा देता येत नाही. रंग ठरवताना सुटा हिरा पालथा ठेवून, बाजूने, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून पाहतात. बंद कोंदणात खड्याखाली बहुधा चमकीचा पातळ पत्रा असतो. त्याच्या मागे पाणी किंवा दमट हवा गेली की तो काळवंडतो आणि चांगला हिराही मळका दिसतो. तेव्हा 'पिवळट' हा निकाल खडे सुटे होईपर्यंत मानू नका, आणि या कुड्या साबणाच्या पाण्यात बुडवू नका.

वजनही अंदाजाचंच आहे. शिवाय १४ खडे मिळून एक कॅरेट म्हणजे प्रत्येकी सुमारे ७ सेंट (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग). कॅरेटमागचा भाव खड्याच्या आकारासोबत चढतो. त्यामुळे एका कॅरेटच्या एका हिऱ्याची किंमत इथे लावता येत नाही. जुन्या कटच्या खड्यांना नवे पैलू पाडले, तर वजन आणखी घटतं.

मोडायच्याच असतील, तर आधी जवळून फोटो घ्या. खडे समोर काढून घ्या, मोजा, कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि पावतीवर नगांची संख्या व वजन लिहून घ्या. एवढ्या बारीक खड्यांना एकेकाचं प्रमाणपत्र परवडत नाही. नवा दागिना झाल्यावर त्याचं एकच घ्यावं.

प्रश्न: दागिन्यावर हॉलमार्क आहे, म्हणजे हिराही तपासलेला का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: नाही. हॉलमार्क फक्त सोन्याचा. १८ कॅरेट सोन्याला (इथे कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता) ७५० आकडा असतो, सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासा. बिलात हिऱ्याचं वजन सोन्यातून वजा झालंय का, हेही पाहा: हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, पाच कॅरेट म्हणजे पूर्ण एक ग्रॅम. ते वजा झालं नसेल, तर हिऱ्याच्या वजनाचे पैसे सोन्याच्या भावाने पुन्हा घेतले गेले आहेत.