ब्लूज गिटारवादक आणि गायक हाउंड डॉग टेलरच्या बँडमध्ये खालचे जाड सूर देणारी बास गिटार नव्हती, तरी आवाज इतका भरगच्च कसा?
याचं श्रेय ब्रूअर फिलिप्सला. शिकागोच्या हाउसरॉकर्स या तिघांच्या बँडमध्ये टेलर बोटात धातूची नळी घालून स्वस्तातल्या जपानी गिटारच्या तारांवर ती सरकवायचा, आणि फिलिप्स आपल्या टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांवर बासच्या चाली वाजवायचा. मागे टेड हार्वीचे ड्रम. अँप्लिफायर इतका चढवलेला की सूर फाटून खरखरायचा. मला तर त्यातच खरी गोडी वाटते. वर्षानुवर्षं टेलर शिकागोच्या साउथ साइडमधल्या बारमध्येच वाजवत होता. ब्लूजचा चाहता ब्रूस इग्लॉरने खास त्याच्यासाठी १९७१ मध्ये अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, तेव्हा कुठे बँडचे बाहेरगावचे नियमित दौरे सुरू झाले. तोवर टेलरची पन्नाशी उलटली होती, आणि १९७५ मध्ये कॅन्सरने तो गेलाही. पहिला अल्बम आधी ऐका, मोठ्या आवाजात.