मॅमोग्राफीच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम, मग हार्टचं काय?

प्रश्न: मॅडम नमस्कार, वय ६१, सांगली जिल्ह्यात राहते. मॅमोग्राफी केली, गाठ वगैरे नाही, बायरॅड्स २ लिहिलंय, पण मधेच एक ओळ आहे की दोन्हीकडे व्हॅस्क्युलर कॅल्सिफिकेशन आहे. आमच्या गायनॅक म्हणाल्या काही नाही हो, वयाप्रमाणे असतं. मुलाने मोबाइलवर वाचलं की हा हार्टचा धोका आहे, आता तो अँजिओग्राफी करून टाकू म्हणून मागे लागलाय. शुगर बरीच वर्षं आहे, त्याची आणि बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही गोळी नाही. छातीत दुखत नाही. जिना चढताना दम लागतो पण तो वजनामुळे असेल. काय करू?

उत्तर: ताई, आधी कॅन्सरची भीती डोक्यातून काढा. बायरॅड्स २ म्हणजे साधं, निरुपद्रवी. हे कॅल्शियम स्तनाच्या गाठीत नाही तर तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसलंय, फिल्मवर दोन बारीक पांढऱ्या समांतर रेघा वळणं घेत जाताना दिसतात, आम्ही रेडिओलॉजीवाले त्याला ट्रामचे रूळच म्हणतो. गायनॅक मॅडम स्तनापुरतं बोलल्या आणि ते बरोबरच आहे. पण मुलगाही अगदीच चुकीचा नाही.

हार्टचा ब्लॉक होतो तो धमनीच्या आतल्या अस्तरात, कोलेस्टेरॉल साठून. स्तनातलं हे कॅल्शियम असतं भिंतीच्या मधल्या थरात, म्हणजे प्रकार वेगळा, त्यामुळे इथे दिसलं म्हणजे तिकडे ब्लॉक आहेच असं कोणी म्हणू नये. तरी दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच बाईत सापडतात, वय आणि शुगर दोन्हीकडे काम करतात ना. कॅलिफोर्नियात कैसर परमानेंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेने ६० ते ७९ वयाच्या ५,०५९ बायकांवर मिनर्व्हा नावाचा अभ्यास केला, साधारण साडेसहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, २०२२ मध्ये तो छापून आला. त्यातल्या २६ टक्के बायकांच्या मॅमोग्राफीत हे कॅल्शियम होतं आणि त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक अशा आजारांचा धोका ५१ टक्के जास्त निघाला. आता ५१ ऐकून घाबरू नका, शंभरात ५१ जणींना अटॅक येतो असा त्याचा अर्थ नाही, समजा शंभरात ४ जणींना येणार असेल तर ६ जणींना येईल, एवढाच.

खरं सांगू का, तुमचं पत्र वाचताना मी थांबले ती जिन्याच्या ओळीवर. शुगर असलेल्या बाईला हार्टचा त्रास छातीत न दुखता नुसता दम लागून, थकवा येऊन, मळमळून, जबडा किंवा पाठ दुखून येऊ शकतो आणि घरातले सगळे म्हणतात वजन वाढलंय, अ‍ॅसिडिटी असेल. तेव्हा या आठवड्यातच फिजिशियनकडे जा, रिपोर्ट बरोबर न्या आणि दम लागतो हे पहिल्या वाक्यात सांगा. बीपी, तीन महिन्यांची सरासरी शुगर, लिपिड प्रोफाइल म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, किडनीसाठी क्रिएटिनिन, ईसीजी, आणि त्यांना वाटलं तर इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी किंवा पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट, अँजिओग्राफीचं त्यानंतर बघू. शुगर असलेल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांना कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी द्यावी असं गाइडलाइन सांगतात, तुम्हाला ती चालू नाही, का नाही ते विचाराच. आणि बसल्या जागी दम लागला, घाम फुटला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला.

प्रश्न: माझ्या मॅमोग्राफीत असं काही लिहिलेलं नाही. म्हणजे हार्ट सेफ ना?

उत्तर: नाही हो! एक तर बरेच रेडिओलॉजिस्ट ते लिहीतच नाहीत, कॅन्सरशी संबंध नाही म्हणून सोडून देतात. मी लिहिते, फुकटात मिळालेली माहिती फेकून कशाला द्यायची. कॅनडाच्या ब्रेस्ट इमेजिंगवाल्यांच्या संघटनेने तर २०२३ मध्ये हे रिपोर्टमध्ये लिहावं असं सांगितलंय. दुसरं म्हणजे ही खूण जरा विचित्रच आहे, सिगारेट ओढणाऱ्या बायकांमध्ये ती उलट कमी दिसते, म्हणून काय त्यांचं हार्ट चांगलं का? तंबाखू, मिश्री लावणाऱ्यांनी तर कोऱ्या रिपोर्टवर अजिबात जाऊ नये.

प्रश्न: हाडांसाठी कॅल्शियमची गोळी घेते, तिच्यामुळेच झालं असेल का? दूधही बंद करू?

उत्तर: दूध, ताक, नाचणी खुशाल चालू ठेवा. जेवणातलं कॅल्शियम जाऊन तिथे बसत नाही. गोळी मात्र किती घेताय आणि गरज आहे का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बंद नको.

प्रश्न: मी ३६ वर्षांची, आईला अटॅक आला होता. हार्ट बघण्यासाठी मॅमोग्राफी करून घेऊ का?

उत्तर: नको. कॅन्सरसाठी केलेल्या तपासणीत ही माहिती आपोआप मिळते, तेवढ्यासाठी मुद्दाम करायची ती टेस्ट नाही, आणि तुमच्या वयात हे कॅल्शियम फारसं दिसतही नाही. त्यापेक्षा बीपी, शुगर, लिपिड करा आणि आईला अटॅक कितव्या वर्षी आला ते डॉक्टरांना सांगा. बाळंतपण झालं असेल तर तेव्हा बीपी किंवा शुगर वाढली होती का ते आठवा, गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे बीपी वाढून होणारा त्रास, झालेल्या बायकांना पुढे हार्टचा धोका जवळपास दुप्पट असतो. जुनी फाइल माळ्यावर असेल तर काढून न्या.