'आप्तवाक्य' म्हणजे नातेवाइकांचं म्हणणं?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे: "लसीकरणावरच्या एका लेखात 'सामान्य माणूस शास्त्रज्ञांचं म्हणणं आप्तवाक्य म्हणूनच स्वीकारतो' असं वाचलं. आप्त म्हणजे नातेवाईक ना? मग शास्त्रज्ञ आपले आप्त कसे? आणि लेखकाने हे सरळ लिहिलंय की टोमणा मारलाय?"

टोमण्याची शंका रास्त आहे. आजच्या मराठीत हा शब्द बहुतेक वेळा कुणाला तरी झोडपायलाच काढला जातो. 'साहेब बोलले, झालं आप्तवाक्य!' असं म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात असतं ते 'बाबावाक्यं प्रमाणम्'. वडीलधारा बोलला, संपला विषय. हा अर्थ इतका रुळला आहे की तो चूक म्हणण्यात मतलब नाही. पण ज्या शास्त्रातून हा शब्द आपल्याकडे आला, तिथे त्याचा अर्थ बराच वेगळा, आणि माझ्या मते आज जास्त कामाचा आहे.

आधी व्युत्पत्ती. 'आप्' म्हणजे पोहोचणं, मिळणं. प्राप्त, व्याप्त, समाप्त, पर्याप्त ही सगळी याच धातूची पिलावळ. आप्त म्हणजे पोहोचलेला. आता कुठे पोहोचलेला, यावर अर्थ फुटतो. माझ्यापर्यंत पोहोचलेला, माझ्या जवळचा, तो माझा आप्त. लग्नपत्रिकेतले 'आप्तेष्ट' ते हेच. हा अर्थही जुनाच आहे, मराठीने तो पदरचा घातलेला नाही. (जाता जाता: 'आपला' हा शब्द आप्तवरून आलेला नाही. 'आपण', 'आपला' हे 'आत्मन्'पासून प्राकृतातल्या 'अप्पण'मार्गे आले. कानाला मात्र दोन्ही सख्खे वाटतात, आणि आप्त म्हणजे आपला माणूस हे समीकरण त्यामुळे अधिकच पक्कं झालं असावं असं मला वाटतं.)

न्यायशास्त्रातला, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातला, आप्त विषयापर्यंत पोहोचलेला असतो. न्यायसूत्रं रचणाऱ्या गौतमाचं सूत्र त्रोटक आहे: 'आप्तोपदेशः शब्दः', म्हणजे आप्ताने सांगितलेलं ते 'शब्द' नावाचं प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान मिळवायचं साधन. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंगतीतलं हे चौथं पान. त्यावर भाष्य करताना वात्स्यायन आप्ताची व्याख्या करतो. थोडक्यात अशी: ज्याने त्या वस्तूचे धर्म स्वतः जाणून घेतले आहेत, आणि जसं पाहिलं तसंच सांगावं या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. इथे धर्म म्हणजे गुणधर्म, नाहीतर लोक भलतीकडे जातील. जाणकारी आणि सचोटी, एवढ्या दोनच अटी. वय, कूळ, पंथ, हुद्दा यांतलं काहीही त्यात नाही. आणि ते चुकून राहिलेलं नाही, कारण लगेच पुढे वात्स्यायन लिहितो: 'ऋष्यार्यम्लेच्छानां समानं लक्षणम्'. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ म्हणजे परका, हे लक्षण सगळ्यांना सारखंच लागू. आणि सगळ्यांचे व्यवहार त्यावरच चालतात.

साधारण चौथ्या-पाचव्या शतकातलं हे वाक्य आहे. म्लेच्छाची सावली टाळणाऱ्या समाजात बसून एक तार्किक म्हणतो की म्लेच्छाला ठाऊक असेल आणि तो खरं सांगत असेल, तर त्याचा शब्द प्रमाण. 'उदारमतवाद' हा आपला शब्द अलीकडचा आणि जरा पुस्तकी. त्याच्या मुळाशी जी एक गोष्ट आहे, म्हणजे माप सगळ्यांना एकच, ती मला या ओळीत सापडते.

न्यायशास्त्राला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. याच नैयायिकांनी पुढे असा युक्तिवाद केला की आयुर्वेदाचा गुण येतो, म्हणजे त्याचे कर्ते आप्त, आणि म्हणून वेदही प्रमाण. ही उडी मला मान्य नाही. औषधाच्या बाबतीत जो आप्त, तो स्वर्गाच्या बाबतीतही आप्त असेलच असं नाही. चरकाने तर आप्त रज-तमापासून मुक्त, त्रिकालज्ञानी वगैरे करून इतका उंच नेऊन बसवला की असा माणूस शोधायचा कुठे, हाच प्रश्न पडावा. वात्स्यायनाचा आप्त त्या मानाने रोजच्या व्यवहारातला, वाट विचारली तर नीट सांगणारा आहे.

आप्तत्व विषयापुरतं असतं, हे विसरलं की काय होतं याचं ढळढळीत उदाहरण जर्मनीतलं. फिलिप लेनार्ड यांना १९०५ साली आणि योहानेस श्टार्क यांना १९१९ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत दोघेही अस्सल आप्त. पण आइन्स्टाइन ज्यू, म्हणून सापेक्षतावाद हे 'ज्यू भौतिकशास्त्र' आणि म्हणून खोटं, असा प्रचार या दोघांनी चालवला. लेनार्ड यांनी १९३६ पासून आपल्या ग्रंथाचे खंड काढले, त्यांचं नावच 'जर्मन भौतिकशास्त्र'. आणि प्रस्तावनेत म्हटलं की याला मी 'आर्य भौतिकशास्त्र'ही म्हणू शकलो असतो. वात्स्यायनाने दीड हजार वर्षांपूर्वी जो 'आर्य' शब्द भेद पुसण्यासाठी वापरला, तोच इथे भेद करायला वापरला गेला.

भाषेच्या अंगाने पाहिलं तर हा सगळा खेळ षष्ठीचा आणि विशेषणाचा आहे. 'न्यूटनचा नियम' यातली षष्ठी श्रेय देते; नियम इंग्रजांपुरता आहे असं कुणी समजत नाही. 'ज्यूंचं भौतिकशास्त्र' यातली षष्ठी मालकी सांगते. एकदा ज्ञानाला मालक चिकटवला की ते खरं की खोटं हे तपासायचं कामच उरत नाही, मालक कोण एवढं पाहिलं की भागतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

हा रोग एकाच बाजूला होतो असं समजू नका. सोव्हिएत रशियात जनुकशास्त्राला 'बूर्झ्वा' हे विशेषण लागलं. निकोलाय वाविलोव्ह, जगभर हिंडून पिकांचं बियाणं जमवणारा शास्त्रज्ञ, १९४० मध्ये पकडला गेला आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मेला. १९४८ च्या ऑगस्टमध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात जनुकशास्त्राचे कट्टर विरोधक त्रोफिम लिसेंको यांनी जाहीर केलं की पक्षाच्या केंद्रीय समितीने माझा अहवाल तपासून मंजूर केला आहे. विषय मिटला. जे. बी. एस. हॉल्डेन हे जनुकशास्त्रातलं केवढं मोठं नाव, पण ते कम्युनिस्ट पक्षाचे. त्यांनी काही काळ आडून आडून लिसेंकोंची बाजू सांभाळून घेतली. पुढे पक्षाशी त्यांचं फाटलं. १९५७ मध्ये ते भारतात येऊन स्थायिक झाले, ती गोष्ट वेगळी.

इथे प्रश्नकर्त्याच्या वाक्याकडे परत येतो, कारण त्याला एक जोरदार आक्षेप घेता येतो. तुम्हीही लस स्वतः तपासलेली नाही, शास्त्रज्ञ सांगतात म्हणून मानता. मग बुवाच्या भक्तात आणि तुमच्यात फरक काय? आक्षेप चांगला आहे आणि जुना आहे. वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी आणि बौद्धांनी 'शब्द' हे वेगळं प्रमाण मानलंच नाही. त्यांचं म्हणणं असं की हे सुद्धा अनुमानच: बोलणारा भरवशाचा आहे यावरून आपण त्याचं बोलणं खरं असल्याचं अनुमान काढतो. मला हे पटतं. लशीच्या बाबतीत मी एखाद्या डॉक्टरच्या चेहऱ्यावरून अनुमान काढत नाही. चाचण्या झाल्या, आकडे छापले, ते खोडून काढायची मोकळीक प्रतिस्पर्ध्यांना होती आणि खोडले असते तर त्यांचं नाव झालं असतं, तरीही ते टिकले, यावरून काढतो. पण हे अनुमान उभं राहायला विरोधकाला बोलता आलं पाहिजे. १९४८ नंतरच्या मॉस्कोत 'सगळे शास्त्रज्ञ एकमताने म्हणतात' या वाक्याला दमडीची किंमत नव्हती, कारण मत वेगळं असण्याची किंमत सगळ्यांनी पाहिली होती. विज्ञानावरचा भरवसा आणि मतभेदाचं स्वातंत्र्य यांची जोडी लावतात ती याचसाठी.

आपल्याकडे 'शब्दप्रामाण्य' ही शिवी झाली ती एकोणिसाव्या शतकात. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं, तेव्हा समोरचा पक्ष प्रत्येक चालीरीतीला श्रुतिस्मृतींचा आधार दाखवत होता, त्यामुळे बुद्धिप्रामाण्याचा सगळा मारा 'शब्दा'वर झाला. तो रास्तच होता. त्यात लौकिक शब्दाचाही, म्हणजे जाणकाराच्या सांगण्याचाही, कान पिळला गेला, आणि आज 'मी कुणाचं ऐकत नाही, स्वतः शोधतो' हे वाक्य मोठ्या स्वाभिमानाने ऐकू येतं. शोध म्हणजे मोबाइलवरचे तीन व्हिडिओ, तेही आपल्याच गटातल्या कुणी पाठवलेले. म्हणजे आप्तवाक्यच, फक्त नातेवाइकाच्या अर्थाने.

जानेवारी २०२१ मध्ये अखिलेश यादव म्हणाले की मी भाजपची लस घेणार नाही. पुन्हा तीच मालकीची षष्ठी. जूनमध्ये त्यांनी लस घेणार असल्याचं सांगितलं, हे त्यांच्या खात्यावर जमा धरू. मधल्या मे महिन्यात बाबा रामदेव यांनी ॲलोपथीला मूर्खपणाचं विज्ञान म्हटलं आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांच्या पत्रानंतर शब्द मागे घेतले. दोन्ही वेळा ज्याला त्याला आपापल्या गोटातून टाळ्या मिळाल्याच. आपल्याकडची 'फुरोगामी' आणि 'भक्त' ही बिरुदं हेच काम करतात: माणसाने तोंड उघडायच्या आधीच त्याचं नाव आप्तांच्या यादीतून खोडून टाकतात. विनोद म्हणून दोन्ही बरी आहेत. वाद संपवायला वापरली की वैताग येतो.

असं असलं तरी नातेवाईकवाला अर्थ अगदीच टाकाऊ नाही, हेही सांगायला हवं. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू. १८९६ मध्ये प्लेगच्या साथीत मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे शिपाई घरात घुसून तपासण्या करत होते. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. अशा दिवसांत सरकारकडून येणारी सुई लोकांनी का टोचून घ्यावी? मुंबईतल्या खोजा समाजातही धास्ती होतीच. तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, खोजांचे धर्मगुरू असलेल्या तिसऱ्या आगाखानांनी स्वतः, चारचौघांसमोर, पुन्हा पुन्हा टोचून घेतलं आणि आपला माझगावचा खुश्रू लॉज हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. विषयापर्यंत पोहोचलेला माणूस लोकांपर्यंत पोहोचला तो लोकांच्या आप्तामार्फत. सक्तीने जे पुण्यात जमलं नाही, ते असं थोडंफार जमलं.

पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. खापर हाफकिन यांच्यावर फुटलं. बाटली उघडताना हातातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हा मुद्दा बाजूलाच राहिला. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा कलंक धुऊन निघाला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं.

आता मूळ प्रश्न. लेखकाने शब्द न्यायशास्त्रातल्या अर्थाने वापरला असेल तर वाक्य बरोबर आहे, आणि त्यातला 'च' मात्र घोटाळा करतो: 'आप्तवाक्य म्हणूनच' म्हटलं की वाचकाला टोमणाच ऐकू येणार. मी असतो तर 'जाणकाराचा शब्द म्हणून' असं लिहिलं असतं. 'विज्ञानावर श्रद्धा' हा प्रयोग टाळावा. 'विश्वास' चालेल, 'भरवसा' त्याहून बरा, कारण मराठीत भरवसा अनुभवाने बसतो आणि अनुभवाने उडतोही. अंधपणे मान डोलवणाऱ्याबद्दल लिहायचं असेल तर 'बाबावाक्य' हा नेमका शब्द हाताशी आहेच. त्याच्या कामाला आप्तवाक्य जुंपू नये.