हातगाड्याला मोटर बसवायची आहे? आधी ओढ मोजा, मग मोटर घ्या

द्राक्षतोडणी तोंडावर आली आहे आणि वाहतुकीला माणसं मिळेनात, त्यामुळे हातगाड्याला बॅटरीवरची मोटर बसवण्याबद्दल बरेच प्रश्न येत आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहे. काम गावातल्या वेल्डरकडून होण्यासारखं आहे आणि नीट झालं तर डोक्यावरचं ओझं खरोखर उतरतं. मात्र घाईत मोटर विकत घेऊन मग गाडा शोधू नका.

प्रश्न (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका): बागेतून शेडपर्यंत २० किलोचे क्रेट न्यायचे आहेत, एका खेपेला १२. घरी जुन्या इलेक्ट्रिक सायकलची २५० वॉटची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) पडून आहे. ती हातगाड्याला चालेल का?

उत्तर: बसेल, फिरेल, पण भरलेला गाडा ओढताना लवकरच दमेल. कारण वॉटमध्ये नाही, वेगात आहे. सायकलची हब मोटर ताशी २५ किलोमीटरच्या हिशेबाने गुंडाळलेली असते. आपला गाडा माणसाच्या चालीने, म्हणजे ताशी चार किलोमीटरने चालणार. इतक्या मंद फेऱ्यांवर ती मोटर बॅटरीतून करंट भरपूर घेते, पण त्यातला बराचसा उष्णतेत जातो. मोठ्या सायकलच्या चाकात तिची ओढ, म्हणजे खेचण्याचा जोर (मालाचं वजन नव्हे), जेमतेम दहा-बारा किलोची पडते.

दुसरी अडचण चाकाची. सायकल वळताना कलते, म्हणून तिच्या तारांच्या चाकावर बाजूने ताण फारसा येत नाही. गाडा कलत नाही. भरलेला गाडा ओळीच्या टोकाला वळवला की सगळा जोर चाकाला आडवा बसतो आणि रिम आठाच्या आकारात वाकते. शिवाय या मोटरचा अ‍ॅक्सल दोन्ही टोकांना धरून ठेवायचा असतो. गाड्याला तो एका बाजूनेच वेल्ड केला तर वाकतो, आणि अ‍ॅक्सल अडवणारी पट्टी म्हणजे टॉर्क आर्म लावली नाही तर जोर लागताच तो खाचेत गरकन फिरून आतल्या वायरी पिळून तोडतो. म्हणून ती मोटर सायकललाच राहू द्या.

आता काय घ्यावं ते तुमच्या वाटेवर अवलंबून आहे. त्यासाठी भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा ताणकाटा एक दिवसासाठी मागून आणा. गाड्यात बारा क्रेट भरा, काटा दांड्याला अडकवा आणि रोजच्या वाटेवरून गाडा सावकाश, एकसारखा ओढा. गाडा हलताना पहिल्या झटक्याला काटा उडी मारतो, तो आकडा सोडून द्या. चालत्या गाड्याचा आकडा लिहून घ्या. जिथे चढ आहे, जिथे ठिबकची नळी ओलांडावी लागते, जिथे माती भुसभुशीत आहे, तिथला वेगळा लिहा. गाडा आणि माल मिळून ३०० किलो धरले तर सिमेंटच्या ओट्यावर सुमारे सहा किलोची ओढ लागते. दाबलेल्या मुरमाच्या वाटेवर पंधराच्या आसपास. नांगरलेल्या मऊ मातीत तोच गाडा ४५ ते ६० किलो मागतो. दहा फुटांत एक फूट चढ असेल तर त्यात आणखी ३० किलो मिळवा.

हिशेब असा. माणसाच्या चालीने जाताना एक किलो ओढीला चाकावर सुमारे ११ वॉट लागतात. चेन, गिअर आणि मोटरमधली गळती धरून बॅटरीतून १५ वॉट जातात असं समजा. १५ किलोची वाट असेल तर सव्वादोनशे वॉटवर काम भागतं. ५० किलोची असेल तर साडेसातशे वॉट लागतात, म्हणजे मोटर मोठी, बॅटरी मोठी, फ्रेम जड आणि खर्चही त्याच मापाने. हे पाहिल्यावर बहुतेकांच्या लक्षात येतं की आधी पैसा वाटेवर घालावा. ओळींच्या टोकाची मुख्य वाट तेवढी मुरूम टाकून रोलरने दाबून घ्या, जुन्या बुशच्या जागी बॉल बेअरिंग टाका, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा आणि काटा पुन्हा लावा. या दुरुस्तीनंतर गाडा एका हाताने जाऊ लागला आणि अंतर शे-दोनशे फूटच असलं, तर मोटर बसवूच नका. तो पैसा छाटणीला किंवा खताला वापरा.

मोटर हवीच असेल तर माझी शिफारस २४ व्होल्ट, ३५० वॉटच्या गिअरवाल्या डीसी मोटरची. ती इलेक्ट्रिक सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तिच्या शाफ्टला मिनिटाला साधारण ३०० फेरे आणि सायकलची चेन बसेल असं ९ दात्यांचं स्प्रॉकेट असतं. चाकाच्या बाजूला साध्या सायकलची ४८ दात्यांची मोठी चकती लावा. चाकाला मिनिटाला ५६ फेरे मिळतील. १६ इंच बाहेरच्या व्यासाचं चाक असेल तर हा वेग बरोबर चालणाऱ्या माणसाएवढा होतो आणि सलग २५ किलोच्या आसपास ओढ मिळते. ४८ ऐवजी लहान चकती टाकून वेग वाढवायचा मोह होईल. तसं करू नका, वेग वाढतो तेवढीच ओढ घटते.

दोन्ही चाकं एकाच सरळ अ‍ॅक्सलवर घट्ट बसवून मोटर जोडली तर गाडा वळत नाही, एक चाक फरफटत जातं. मोटर एकाच चाकाला द्या. त्याहून बरी रचना तीन चाकांची: मधलं एक चाक मोटरचं, बाजूची दोन मोकळी. क्रेट असे रचा की एक तृतीयांश तरी वजन मोटरच्या चाकावर येईल, नाहीतर ते जागच्या जागी गरगरत बसतं. जुन्या स्कूटरची चाकं या कामाला उत्तम. रुंद असतात, आडवा जोर सोसतात आणि मागच्या चाकाला ड्रम ब्रेक आयता मिळतो.

प्रश्न (दूध उत्पादक ताई, संगमनेर तालुका): गोठ्यातलं शेण रोज खड्ड्यापर्यंत न्यावं लागतं, शेवटी चढ आहे. मी एकटीच असते. मोटर बंद पडली तर भरलेला गाडा अंगावर येईल अशी भीती वाटते.

उत्तर: ताई, भीती रास्त आहे आणि या प्रश्नाचं उत्तर मोटरीच्या आधी द्यायला हवं. दोनशे किलो शेण आणि साठ किलोचा गाडा दहाला एक अशा चढावर सुटला, तर तो २६ किलोच्या जोराने मागे येतो. तो हाताने अडवायला जाऊ नये.

पहिलं काम चढाचं. खड्ड्याकडची वाट थोडी लांबवून दहाला एकचा चढ वीसला एक करून घ्या. मुरमाच्या वाटेवर एकूण ओढ ३९ किलोवरून २६ वर येते आणि वर सांगितलेली ३५० वॉटची मोटरही चालून जाते. दुसरं, ब्रेक चाकालाच हवा आणि सोडला तरी लागलेला राहील अशी कडी ब्रेकच्या दांड्याला हवी. सायकलचे रबरी ब्रेक शेणाच्या ओलाव्यात धरत नाहीत, ड्रम ब्रेकच घ्या. तिसरं, थ्रॉटल, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा खटका, अंगठ्याचा घ्या. अंगठा उचलला की तो आपोआप शून्यावर आला पाहिजे. हात दुखतो म्हणून काही जण तो सुतळीने बांधून ठेवतात. घसरून पडलात तर बांधलेला गाडा तुमच्याशिवाय पुढे जात राहील, म्हणून तो कधीही बांधायचा नाही.

वर्म गिअरची (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरची) मोटर मिळाली तर ती चढावर बहुधा जागीच अडकून राहते. तिचा तोटा एवढाच की बॅटरी संपली की गाडा हातानेही ढकलता येत नाही. त्यासाठी चेन पटकन उतरवता येईल अशी सोय वेल्डरला करायला सांगा, पण चेन उतरवण्याआधी चाकामागे दगड लावा. खड्ड्यापाशी मागे घ्यावं लागत असेल तर रिव्हर्स असलेला कंट्रोलर, म्हणजे मोटरला जाणारी वीज सांभाळणारा डबा, मागून घ्या.

आणि चेनवर पत्र्याचं झाकण, पूर्ण, दोन्ही बाजूंनी. साडीचा पदर किंवा ओढणी चेनमध्ये गेली तर थ्रॉटल सोडायलाही वेळ मिळत नाही. झाकण बसल्याशिवाय वेल्डरकडून गाडा ताब्यात घेऊ नका. धुताना पाइपचा फवारा मोटरवर आणि कंट्रोलरच्या डब्यावर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्न: ट्रॅक्टरची बॅटरी घरात आहे, तीच लावली तर?

उत्तर: ती स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते. रोज खोलवर उतरवली तर काही महिन्यांत बसते. दोन मार्ग आहेत. ई-रिक्षाला वापरतात तशा डीप सायकल (खोलवर उतरवणं सोसणाऱ्या) लेड अ‍ॅसिडच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडा. त्या स्वस्त पण जड, आणि निम्म्याच्या खाली उतरवायच्या नाहीत. किंवा २४ व्होल्ट, ३० अँपिअर-अवरचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक, बीएमएससह (बॅटरीचं संरक्षण करणाऱ्या सर्किटसह). महाग, पण हलका आणि कितीतरी जास्त वर्षं चालणारा. त्यात सुमारे ७२० वॉट-अवर असतात, म्हणजे अडीचशे वॉटच्या वाटेवर दोन ते अडीच तास सलग चाल. तोडणीत निम्मा वेळ गाडा उभाच असतो, त्यामुळे सकाळची पाळी आरामात निघते. रोज काम असेल तर मी लिथियमच घ्यायला सांगेन.

बॅटरीच्या प्लस वायरवर, बॅटरीला लागूनच, ३० अँपिअरचा फ्यूज लावा. वायर ४ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. चार्जर बॅटरीबरोबर आलेलाच वापरा आणि चार्जिंग कडब्याच्या गंजीजवळ किंवा झोपायच्या खोलीत करू नका.

प्रश्न: याला अनुदान मिळेल का?

उत्तर: महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून कृषी यांत्रिकीकरणात अनुदान मिळतं ते तपासणी झालेल्या, मान्यता असलेल्या यंत्रांना. गावात बनवून घेतलेल्या गाड्याला ते मिळत नाही. कोणी मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न: पावसाळ्यात काळ्या रानात हा गाडा चालेल का?

उत्तर: वाफसा आल्याशिवाय चालवू नका. चिकट मातीचा थर चाकाला बसत जातो, चाक आणि फ्रेममध्ये अडकतो आणि मोटर जागीच थबकून जळते. वर ओली जमीन चाकाखाली दाबली जाते ती वेगळीच. चाकावर मडगार्ड लावू नका, फ्रेम आणि टायरमध्ये चार बोटं अंतर ठेवा. कंट्रोलर झाकणाच्या डब्यात, वायरी डब्याच्या खालच्या बाजूने आत घ्या म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून डब्यात जाणार नाही. गाडा डांबरी रस्त्यावर काढू नका, त्यावर कोणी बसू नये, लहान मुलांनी तर नाहीच. काम संपलं की चावी काढून घरात ठेवा.