फिल्डवर्क संपलं, रिपोर्ट काही संपेना

"सगळं झालंय ओ मॅडम, फक्त लिहायचं राहिलंय." सोलापुरात काउन्सेलिंग करताना हे मी इतक्या पोरापोरींकडून ऐकलंय की आता एकदा लिहूनच टाकते. ही त्यातलीच एक मुलगी, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि बरीच सेशन्स थोडक्यात सांगतेय.

झूलॉजी केलेली, वडील यंत्रमागावर. नान्नजकडच्या माळावर खोकडाचा, म्हणजे कोल्ह्याहून लहान असलेल्या त्याच्या भाईबंदाचा, अभ्यास करायची. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, पण लोक जातात ते माळढोक नाहीतर काळवीट बघायला, खोकडाकडं कोण बघतंय, म्हणून हिनं तेच घेतलं. फंडिंग नाही, गाडी भावाची, परवानगीचे कागदही हिनंच फिरवले. बिळं शोधायची, विष्ठा गोळा करून त्यातले उंदरांचे केस, किड्यांची कवचं, बोरांच्या बिया वेगळ्या करायच्या. फिल्डवर्क कधीच संपलं होतं, पण लॅपटॉप उघडला की छातीत धडधड, आणि मग "अजून एक हिवाळा केला तर डेटा नीट होईल". घरात आईचं चालूच, रानोमाळ फिरून काय मिळवलं पोरीनं.

मी पडले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या घराण्यातली, त्यामुळं डोक्यात कुठलं वाक्य फिरतंय ते आधी शोधते. तिचं लगेच सापडलं: "कितीतरी फेऱ्यांत काहीच दिसलं नाही, म्हणजे मला फिल्ड जमतच नाही." अशा वेळी तू हुशार आहेस वगैरे सांगून काही होत नाही, ते घरचेपण सांगतात. मी म्हटलं वह्या घेऊन ये.

वहीत पानंच्या पानं शून्य. मी सहज म्हटलं, "मग ही पानं फाडून टाकूया का?"

अशी दचकली! "काय ओ मॅडम, शून्याशिवाय हिशोबच होत नाही. खोकड दिसलं नाही म्हणजे तिथं नाही असं नसतं, ते संध्याकाळनंतर निघतं, गवतात बसलं तर जवळून गेलं तरी कळत नाही. किती वेळा गेलो आणि त्यातलं किती वेळा दिसलं, हे दोन्ही लागतं." बराच वेळ मला शिकवत होती, ताठ बसून, आवाजच बदललेला. मी मधे बोलले नाही. मग एवढंच विचारलं, "खोकडाला लावतेस तो नियम स्वतःला का लावत नाहीस?"

गप्प झाली. मग हसली, मग थोडं रडलीपण. हा प्रश्न ऐनवेळी सुचला याचं मला अजून बरं वाटतं. माणूस स्वतःविरुद्ध जी केस उभी करतो ती मोडायचा पुरावा बहुतेकदा त्याच्याच विषयात पडलेला असतो, आपण फक्त तिकडं बोट दाखवायचं.

पुढचं साधं आहे. डेटाला शेवटची तारीख ठरवा, त्यानंतर दिसेल ते पुढच्या कामात. प्रस्तावनेपासून सुरू करू नका, कुठं गेलो, कधी गेलो, काय मोजलं हे आधी लिहा, त्याला मूड लागत नाही आणि मूड तसापण लिहायला बसल्यावरच येतो. शीर्षक छोटं करा, हिचं 'महाराष्ट्रातील खोकडाचे जीवन' होतं (केवढं ते!), ते 'एका माळावरील खोकडाचा हिवाळ्यातील आहार' केल्यावर अर्धं ओझं तिथंच उतरलं. काय जमलं नाही तेपण लिहा, लाजू नका. आणि आईवडिलांनी जेवताना "झालं का" विचारू नये. झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, रिपोर्ट थांबेल.

हिनं दिला रिपोर्ट एका सीनियर संशोधकांना वाचायला. लाल करून परत आला. परवा फोनवर चिडून सांगत होती, "त्यांना बोरांच्या बियांचा तक्ता कळलाच नाही ओ मॅडम, थांबा, मी समजावते त्यांना."