लॉकडाऊनमध्ये भाडं माफ झालं होतं म्हणतात. कोल्हापुरात भाड्यानं राहतो. पुन्हा साथ आली, पगार थांबला, तर मालक घराबाहेर काढू शकतो का?

माफ नव्हतं झालं हो, पुढं ढकललं होतं. सगळी भांडणं त्यातूनच झाली.

२९ मार्च २०२० ला केंद्राचा आदेश आला, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली: कामगारांकडं महिनाभर भाडं मागायचं नाही, कामगार-विद्यार्थ्यांना जागा सोडायला लावली तर मालकावर कारवाई. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं सांगितलं, वसुली किमान तीन महिने लांबवा आणि थकलं म्हणून कुणाला काढू नका. एक रुपयाही सुटलेला नव्हता.

मी स्वतः मालकाच्या बाजूचा. उचगावात आमच्या वरच्या खोल्यांत शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीची पोरं राहतात. फाउंड्रीच बंद, तर भाडं कुठलं? वहीत त्या महिन्यांपुढं 'बाकी' लिहून दोन्हीकडच्या सह्या केल्या आणि काम सुरू झाल्यावर थोडं थोडं वळतं करून घेतलं. आमच्याच गल्लीत एकानं मात्र भाडेकरूचा नळ तोडला. ते साथ असो-नसो बेकायदाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २९.

पुढच्या साथीत असा आदेश निघेलच असं धरून बसू नका. खरा आधार याच कायद्याचा, पण तुमचा कागद कोणता त्यावर सगळं ठरतं. कागदावर भाडेकरू असाल तर कलम १५ प्रमाणं थकबाकीसाठी आधी लेखी नोटीस, मग ९० दिवस थांबल्याशिवाय दावाच लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत बाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि निकालापर्यंत भाडं भरत राहिलात, की त्या कारणावरून घर जात नाही.

अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी देणारा करार, असेल तर हे कवच नाही. मुदत संपल्यावर राहिलात तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं (अशा अर्जांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं) अर्ज जातो, वर करारातल्या भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई. राजारामपुरीत खोली घेणाऱ्या पोरांकडं बहुतेक हाच कागद असतो, आणि तो वाचतंय कोण!

पगार थांबला तर गप्प बसू नका. मालकाला व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून कळवा. जमेल तेवढं बँकेतून पाठवा; रोख दिलं तर पावती मागा, ती देणं त्याला बंधनकारक आहे. आणि करारावरची शेवटची तारीख आजच बघा. उलटली असेल तर आधी नूतनीकरणाचं बोलून घ्या.